तडकलेली फ्रेम टाकण्याआधी मोजून घ्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत माउंटन बाइकवर आलेला लेख आणि त्यावर नंतर छापलेलं एका वाचकाचं पत्र, दोन्ही वाचलं. लेखात म्हटलंय की फ्रेम तडकली म्हणजे सायकल संपली, भंगारात द्या आणि नवी घ्या. पत्रलेखकाचं म्हणणं असं की इंदुरातल्या सांवेर रोडवर कुठेही ॲल्युमिनियमला वेल्डिंग मारून मिळतं, नवी कशाला घ्यायची? माझं दोघांशीही पटत नाही. पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात होतो. नोकरीचा बहुतेक काळ धातूतले तडे शोधण्यात गेला. शिवाय नुकतीच माझ्या भाचीच्या सायकलची फ्रेम आम्ही दोघांनी मिळून बदलली. पत्र लांबणार आहे. जागा कमी पडली तर माझी मतं खुशाल कापा, पण आकडे राहू द्या.

आधी वेल्डिंगचं बोलतो, कारण तो सल्ला धोक्याचा आहे. या सायकलींच्या ॲल्युमिनियमच्या बऱ्याच फ्रेम ६०६१ नावाच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यापुढे टी-६ लिहिलेलं असतं. लोक ६०६१ वाचतात, टी-६ कडे बघत नाहीत. सगळी ताकद त्या टी-६ मध्ये आहे. फ्रेम जोडून झाली की ती अख्खी भट्टीत साधारण ५३० अंश सेल्सिअसला तापवतात, झटकन थंड करतात आणि मग १७०-१८० अंशांवर काही तास ठेवतात. एवढं झाल्यावर ती नळी डोंगरावर न्यायच्या लायकीची होते. आता तड्यावर कुणी टिग वेल्डिंग केलं, तर त्या आर्कच्या उष्णतेने टाक्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा पुन्हा मऊ पडतो. त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. टाका देखणा दिसेल, तो कदाचित टिकेलही, पण त्याच्या शेजारचा धातू जाईल. आणि तो कधी जाईल? चढावर गेला तर ठीक, बाई चालत येईल. उतारावर गेला तर? मग वेल्डिंग झाल्यावर फ्रेम परत भट्टीतून काढायची म्हटलं, तर एका फ्रेमसाठी भट्टी कोण लावणार? आणि थंड होताना ती वाकडी होऊ नये म्हणून तिला धरून ठेवणारा जिग कोण बनवणार? ७००५ या दुसऱ्या मिश्रधातूचं थोडं सोपं असतं, त्याला ती पहिली मोठी भट्टी लागत नाही. पण आपली फ्रेम कशाची आहे हे कळत नाही, स्टिकरवर बहुधा फक्त ‘अलॉय’ एवढंच लिहिलेलं असतं.

स्टीलची गोष्ट वेगळी आहे. क्रोमोली म्हणजे ४१३० स्टीलची फ्रेम तडकली तर पितळी झाळण करणारा हुशार कारागीर ती नीट करू शकतो. पत्रलेखकांनी हा फरक केला असता तर मी गप्प बसलो असतो.

दुसरा मुद्दा धातूच्या थकव्याचा. स्टीलवर येणारा ताण एका मर्यादेच्या आत राहिला, तर ते व्यवहारात कितीही धक्के सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक धक्का कुठेतरी नोंदला जातो. म्हणून चांगले कारखाने ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये जाड आणि मोठ्या व्यासाच्या नळ्या वापरून ताणच कमी ठेवतात. आयएसओ ४२१० या मानकात फ्रेमवर पायडलच्या जोराची चाचणी १ लाख आवर्तनांची आहे, आणि पुढून-मागून ओढण्या-ढकलण्याची वेगळी. त्या चाचण्या फ्रेम नवी असतानाच्या. वर्षानुवर्षं दगडांवरून गेलेल्या फ्रेमला तडा गेला तर त्यात कंपनीने फसवलं असं दरवेळी म्हणता येत नाही.

भाचीची सायकल २६ इंची चाकांची, १६ इंची फ्रेमची. ती शाळेत असताना घेतलेली. आता ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्याहून उंच. मधल्या काळात सीट वर वर जात राहिली. सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांडीवर, तो किमान किती आत असावा याची एक रेघ असते, तेवढ्यापर्यंत ती आली होती. ती रेघ पाळली की झालं असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे सीटपोस्टचं खालचं टोक वरच्या आडव्या नळीच्या जोडाच्याही खाली पोचायला हवं. नाही तर बसणाऱ्याचं सगळं वजन त्या जोडावर पहारीसारखं उलटतं. महूपलीकडे जानापावच्या चढावर तिला कुरकुर ऐकू येऊ लागली. तिने पायडलला तेल घातलं, बीबी, म्हणजे पायडलचा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग, आवळली. मग एका रविवारी पोह्यांवर ताव मारता मारता मला म्हणाली, “मामा, आवाज जातच नाही.”

अंगणात सायकल उलटी केली. सीटपोस्ट आवळणाऱ्या कॉलरखाली, मागच्या बाजूला, एक काळी रेघ.

“चिखल आहे तो,” ती म्हणाली.

“चिखल वेल्डिंगच्या कडेकडेने चालत नाही गं.”

ही रेघ तडा आहे की रंगाची भेग, हे कुणालाही घरी तपासता येतं. जागा रॉकेलने किंवा डिझेलने ओली करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वर पांढऱ्या खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल झिरपून खडूवर बारीक ओली रेघ उमटते. कारखान्यात हेच काम लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरने करतात, तत्त्व एकच. फक्त वेल्डिंगच्या पायथ्याशी बघायला विसरू नका आणि डिस्क ब्रेकच्या आसपास तेल लागू देऊ नका. पॅडला तेल लागलं की ते कामातून गेलं. बघायच्या जागा म्हणजे हँडलखालची हेडट्यूब जिथे खालच्या तिरप्या नळीला मिळते ती, सीटजवळचा जोड, बीबीच्या मागचे दोन दांडे आणि ब्रेक बसतो तो कोपरा. आमच्या खडूवर रेघ उमटली. नळीचा जवळजवळ एक तृतीयांश घेर गेला होता.

कंपनीने काय केलं तेही सांगतो. बिल जपलेलं होतं, पहिली मालकी होती, कागदावर फ्रेमची हमीही होती. उत्तर आलं की ते मॉडेल बंद झालंय, तशी फ्रेम नाही, नव्या सायकलवर काही टक्के सूट देऊ. नव्या सायकलची किंमत ऐकून भाची गप्प झाली. दुकानदाराने तिची समजूत काढली, “अरे भिया, अब छब्बीस का पहिया चलता ही कहाँ है, नई ले लो.” इंदुरात मुलीलाही भियाच म्हणतात, असो.

नवी का घ्यायची नाही, याचा हिशेब आम्ही सायकल सगळी उकलून मांडला. चाकं सरळ, त्यांचे मधले हब गुळगुळीत. पुढचं चाक धरणारा फोर्क १०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, तेल न गळणारा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक उत्तम. पायडल ज्याला लागतात तो क्रँक शिमानोचा, २४ मिमी पोकळ दांड्याचा. कॅसेट, म्हणजे मागची दात्यांची चाकं, आणि चेन अलीकडेच बदललेली. म्हणजे सायकलच्या किमतीचा मोठा भाग जमिनीवर सतरंजीवर नीट पडलेला होता आणि बिघडला होता तो फक्त सांगाडा. अशा वेळी फ्रेम निवडायची ती या सामानाला बसेल अशी. आवडलेली फ्रेम आणून तिला बसेल असं सामान शोधत फिरलात, तर अखेरीस नव्या सायकलीएवढा खर्च होतो आणि सायकल मात्र जुनीच राहते.

लेखात एका वाक्यात म्हटलं होतं, ‘फ्रेम वेगवेगळ्या मापांच्या येतात.’ हो, पण कोणती मापं? त्यासाठीच हे पत्र आहे. जुनी फ्रेम भंगारवाल्याला देण्याआधी व्हर्नियर कॅलिपर घ्या. साधा चालतो. घरात नसला तर लेथवाल्याकडे मिळेल.

पहिलं माप हेडट्यूबचं, म्हणजे फोर्कची दांडी ज्या नळीतून जाते तिचं. जुन्या सायकलींना आतला व्यास वर-खाली सारखा ३४ मिमी आणि फोर्कची दांडी सरळ सव्वा इंचापेक्षा थोडी कमी, १-१/८ इंच. हल्लीच्या फ्रेमला ही नळी वर ४४ आणि खाली ५६ मिमी असते, कारण फोर्कची दांडी खाली दीड इंचापर्यंत रुंदावते. आता लक्षात ठेवायचं ते एवढंच. सरळ दांडीचा जुना फोर्क नव्या रुंद नळीत बसवता येतो, खालच्या बाजूला वेगळा कप मिळतो. रुंद दांडीचा फोर्क ३४ मिमीच्या नळीत कोणत्याही उपायाने बसत नाही. फोर्क तुमच्याकडे कोणता आहे, त्यावर अर्ध्या फ्रेम इथेच बाद होतात.

दुसरं बीबी शेल, म्हणजे बीबी बसते ती नळी. जुन्या फ्रेमला ते आट्याचं असतं, १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. रुंदी ६८ किंवा ७३ मिमी. नव्यांपैकी बऱ्याच फ्रेमला आटे नसतात, बेअरिंगचे कप दाबून बसवतात. दाबून बसवलेल्यांबद्दल माझं मत वाईट आहे. भोकाचं माप मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानेही चुकलं तर कुरकुर आयुष्यभर. क्वालिटीत काम केलेला माणूस दुसऱ्याच्या टॉलरन्सवर सहसा विश्वास ठेवत नाही. आट्याचं शेल ७३ चं असेल तर आमच्या क्रँकला एक वॉशर उजवीकडे लागतो, ६८ चं असेल तर उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. आणि हो, उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. तो कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे न कळल्यामुळे पाइप लावून कपाचे आटे उतरवणारे मिस्त्री मी पाहिलेत.

तिसरं मागच्या चाकाचं अंतर. इथे सगळ्यात जास्त माणसं अडकतात. जुन्या सायकलींना मागे १३५ मिमी आणि चिमटीच्या क्विक रिलीजचा बारीक एक्सल. नंतर १४२ मिमी आणि १२ मिमीचा आरपार एक्सल आला, मग १४८ चा, ज्याला बूस्ट म्हणतात. १३५ चा हब १४२ मध्ये नेता येतो असं दुकानदार सांगतात. ज्या हबला टोकाचे कप बदलून मिळतात, त्यांचं हे खरं आहे. कप आणि कोनवर चालणाऱ्या शिमानोच्या हबला तो मार्ग नाही. म्हणजे नवा हब, नव्या तारा, चाक पुन्हा बांधणं. फ्रेम स्वस्त मिळाली म्हणून आनंद झालेला असतो, तो इथे संपतो. स्टीलच्या फ्रेमचे मागचे दांडे थोडे ओढून किंवा दाबून अंतर जुळवता येतं, ॲल्युमिनियमला हा प्रयोग करू नये.

मग सीटपोस्ट. २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिमी ही नेहमीची मापं. बारीक पोस्ट मोठ्या नळीत शिम, म्हणजे पातळ कडं, घालून बसतो, मोठा बारीक नळीत बसत नाही. ३०.९ आणि ३१.६ डोळ्याला सारखेच दिसतात आणि जबरदस्तीने बसवण्याचा मोह होतो. ब्रेकचं माउंट बघा. दोन भोकांमधलं अंतर ७४ मिमी असेल तर ते पोस्ट माउंट, ५१ असेल तर जुनं आयएस. याचा ॲडॅप्टर सहज मिळतो, म्हणून यावरून फ्रेम नाकारू नका. गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर मात्र जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. २०१९ पासून एक सर्वसामान्य हँगर आलाय, तो नव्या फ्रेमनाच. फ्रेम घेतानाच तिचे दोन हँगर मागून घ्या, नंतर शोधत बसाल.

कार्बनबद्दल दोनच शब्द. नवी, हमीची आणि परवडत असेल तर घ्या. वापरलेली घेऊ नका. आतला थर फाटलेला बाहेरून दिसत नाही आणि माझा खडू तिथे काम करत नाही.

दुकानात आम्हाला २७.५ इंची चाकांसाठीची ॲल्युमिनियमची एक सुंदर फ्रेम दाखवली. निळी, अगदी नवी. भाचीचा जीव तिच्यावर जडला. दुकानदाराचं म्हणणं, डिस्क ब्रेक आहेत म्हणजे २६ ची चाकंही चालतील. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. रिमच्या ब्रेकला रिम जिथे हवी तिथेच लागते, डिस्कला तसं नाही. पण हिशेब करा. २७.५ च्या रिमचा व्यास ५८४ मिमी, २६ च्या माउंटन रिमचा ५५९. त्रिज्येत १२.५ मिमीचा फरक, म्हणजे सायकल तेवढी खाली आली. ती फ्रेम १२० मिमीच्या फोर्कसाठी केलेली होती. तसा फोर्क एक्सलपासून वरच्या खांद्यापर्यंत ५१० मिमीच्या आसपास भरतो, आमचा ४७० च्या आसपास. चाळीस मिमी आखूड. नाक खाली गेलं. साधारण वीस मिमीला एक अंश धरतात, म्हणजे हँडलचा कोन दोन अंशांनी उभा झाला आणि बीबी आणखी खाली आली. एकूण जवळजवळ एक इंच. पाताळपाणीहून कालाकुंडकडे उतरणाऱ्या वाटेवर ज्यांनी सायकल घातली आहे त्यांना सांगायला नको, तिथे एक इंच खाली आलेलं पायडल प्रत्येक दुसऱ्या दगडावर आपटतं. कालाकुंडचा कलाकंद खायला जाणारे खात नसतील एवढे टक्केटोणपे ते पायडल खाईल. वर मागे १४२ चा एक्सल, दाबून बसवायचं बीबी आणि वेगळा हेडसेट कप. कागदावर बेरीज केली आणि तो कागद भाचीसमोर ठेवला. ती म्हणाली, “मामा, निळी होती पण.” होती, यात वाद नाही.

अखेर तिच्या सायकलच्या ग्रुपमधल्या एका मुलाच्या भावाकडे पुण्यात २६ ची जुनी क्रोमोली फ्रेम निघाली. १८ इंची. मी अट घातली की प्रत्येक मापाचा फोटो पाठवा आणि फोटोत व्हर्नियर जागेवर लागलेला दिसला पाहिजे. ‘सगळं ठीक आहे काका’ यावर मी फ्रेम घेत नाही. आधी तो थोडा रागावला, मग पाठवले. हेडट्यूब ३४, शेल ७३ आट्याचं, मागे १३५, ब्रेक आयएस, सीटपोस्ट २७.२. फोर्क ८० ते १०० मिमीचा चालेल अशी ती बनवलेली. म्हणजे नवं लागणार होतं ते सीटपोस्ट, त्याची कॉलर आणि ब्रेकचा ॲडॅप्टर. पुढचा डिरेलर ३४.९ मिमीच्या पट्ट्याचा होता आणि नव्या नळीचा व्यास २८.६. शिम लावून चालला असता. भाचीने तो काढूनच टाकला आणि पुढे एकच ३२ दात्यांचं चाक लावलं. मला तिचं पटलं नाही, जानापावच्या शेवटच्या चढाला छोटं चाक हवं असं माझं मत अजून आहे. पण पाय तिचे.

मापानंतर साइजचा विचार, तो खरं तर आधी करायचा. १६ इंच, १८ इंच हा आकडा फक्त सीटच्या नळीचा, आणि तोही प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने मोजते. दोन आडव्या-उभ्या मापांवर जा. बीबीच्या मध्यापासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच, उभं म्हणजे स्टॅक. जुन्या फ्रेमचा रीच कमी आणि हँडल धरणारा स्टेम लांब, ९०-१०० मिमी. नव्यांचा रीच जास्त आणि स्टेम ५० च्या आसपास. दोन्हीकडे हात तेवढाच लांब जातो, पण उतारावर गाडी वेगळी वागते. ओळंबा आणि भिंत असेल तर ही मापं घरी घेता येतात. आम्ही तशीच घेतली, जुन्या फ्रेमची, आणि पुण्याहून आलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली.

वजनाबद्दल लेखात फार लिहिलंय. ही स्टीलची फ्रेम जुन्या ॲल्युमिनियमपेक्षा भरली पाऊण किलो जड. पाण्याची भरलेली बाटली साधारण तेवढीच. आपल्याकडे फ्रेम निवडताना त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे काळी माती. जुलैत माळव्यातल्या शेतरस्त्यावर गेलं की ती टायरला चिकटते, वर पुन्हा चिकटते आणि मागच्या दोन दांड्यांमध्ये जाम बसते. चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर. फ्रेमच्या जाहिरातीत ‘२.३५ चा टायर बसतो’ असं लिहिलेलं असलं तरी तो बसल्यावर बाजूला किती मोकळं राहतं ते बघा. दोन्हीकडे बोटभर जागा हवी. नसेल तर बारीक टायर घाला. सह्याद्रीतल्या लाल मातीवर चालणारा पुणेकरांचा सल्ला इथे चिखलात अडकतो.

फ्रेम ट्रॅव्हल्सच्या बसने आली. उघडल्यावर तपासलं काय, तेही लिहितो, कारण वापरलेली फ्रेम घेणारे हे करत नाहीत. एक दोरा मागचं चाक बसतं त्यातल्या एका खाचेला बांधला, हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणला, ताणला. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजलं. फरक एक मिमीच्या आत. फ्रेम सरळ होती. दोन-तीन मिमी निघाला असता तर परत पाठवली असती. हेडट्यूबचा व्यास दोन दिशांनी मोजला, अंडाकृती झालेली नव्हती. बीबीच्या भोकातून टॉर्च घालून आत पाहिलं. तपकिरी पावडर होती, पापुद्रे नव्हते. पापुद्रे सुटत असतील तर वरून रंग कितीही छान असो, घेऊ नका. आतून जवसाचं उकळलेलं तेल फिरवून वाळू दिलं. छत्रीबागेकडच्या एका जुन्या मिस्त्रीकडे त्या मापाचा, आटे पाडायचा टॅप होता, त्याने शेलचे आटे साफ करून दिले आणि पैसे घेताना कुरकुर केली, म्हणजे काम चांगलं झालं होतं. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट घालताना ग्रीस भरपूर लावा. नाही तर दोन-तीन पावसाळ्यांनी तो असा धरतो की कापून काढावा लागतो.

सगळा खर्च नव्या सायकलच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आला. पण हे सगळ्यांना लागू नाही, आणि इथे लेखाची बाजू मी मान्य करतो. फोर्क गळत असेल, चेन-कॅसेट-क्रँक झिजले असतील, चाकं वाकली असतील, तर फ्रेम बदलण्याच्या भानगडीत पडू नका. नवी घ्या. सामान चांगलं असेल तरच फ्रेम शोधण्यात अर्थ आहे.

इंदुरातल्या सायकल विक्रेत्यांना एक विनंती. तुमच्याकडे सुट्या फ्रेम येतात, कधी दुसऱ्या सायकलवरून काढलेल्या, कधी लुधियानाहून आलेल्या. टॅगवर किमतीशेजारी हेडट्यूब, बीबी शेल, मागचं अंतर आणि सीटपोस्ट ही चार मापं लिहा. मोजायला पाच मिनिटं लागतात. गिऱ्हाईक घरूनच आपली मापं घेऊन येईल आणि ‘लगाके देख लो’ म्हणत तुमचा अर्धा दिवस जाणार नाही.

आता दुरुस्ती, ती अवश्य छापावी. लेखासोबतच्या तक्त्यात २६ इंची माउंटन चाकाच्या रिमचा व्यास ५९० मिमी दिलाय. तो २६ गुणिले १-३/८ या साध्या सायकलचा आहे. माउंटन बाइकचा ५५९. दोन्हींवर २६ च लिहिलेलं असतं, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ‘५४-५५९’ असं छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा बघून टायर घ्यावा. तक्ता वाचून कुणी ५९० चे टायर मागवले असतील तर त्यांनी ते वापरण्याआधी परत करावेत.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर
सुदामानगर, इंदूर